जी ओळ तू काढली नव्हतीस

अनंत, परवा तुझ्या शोकसभेत गिरीशसरांनी तुला माफ केलं.

तुला हे ऐकून हसू आलं असतं. मला आलं नाही. पांढरा सदरा घालून ते माईकपाशी आले, तुझ्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "अनंत आमच्याकडे असताना त्याच्या हातून एक मोठी चूक झाली होती. पण माणूस म्हटलं की चुकायचाच. आम्ही ती कधी मनात ठेवली नाही." लोकांनी माना डोलावल्या. तुझी आई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं मान खाली घातली. ती मान सवयीनं खाली गेली होती. ती हे पहिल्यांदा ऐकत नव्हती.

म्हणून हे लिहिते आहे. तू असताना मी हा विषय काढला की तुझं एकच उत्तर असायचं, "इरली बिडु, मीनक्का." असू दे, सोड. तुझ्यापेक्षा वर्षानं मोठी म्हणून मी मीनक्का. आता तू मला थांबवू शकत नाहीस. तुझ्या जाण्यानं माझा झाला तो एवढाच फायदा.

काकूंनाही, तुझ्या आईलाही, हे वाचायचं आहे, त्यामुळे तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी सावकाश सांगणार आहे. तुला कंटाळा येईल. येऊ दे.

मी त्या कंपनीत आले तेव्हा हुबळीत विद्यानगरात, टायरच्या दुकानाच्या वर आपलं ऑफिस होतं. जिना चढताना रबराचा वास यायचा. मोठमोठ्या कचेऱ्यांत फायली साठवायला एक पेटी ठेवतात, त्या पेटीच्या आतला कोड आपण लिहायचो. संगणकाच्या सगळ्यांत आतल्या भागाला कर्नेल म्हणतात. डिस्कवर फाइल कुठं ठेवायची, कशी शोधायची, हे ठरवणारा त्यातला भाग आपल्याकडे होता. बाकीचे सगळे पुरुष. मी नवीन, त्यात बाई, तेव्हा मला पहिल्याच आठवड्यात कागदपत्रं टाइप करायला बसवलं. तू तुझी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आलास आणि म्हणालास, "टायपिंग दुपारी कर. सकाळी आपण दोघं वाचू."

आणि वाचलंस. दुसऱ्यानं लिहिलेला कोड ओळीमागून ओळ, बोट ठेवून, शाळेत धडा वाचतात तसा. मी मधेच म्हटलं की हे कळलं, तर विचारायचास, "ही ओळ नसती तर काय झालं असतं?" उत्तर देता आलं नाही की तिथंच थांबायचं. पुढं बेंगळूरला मी जी काही झाले ती त्या सकाळींवर झाले. हे तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू खिडकीबाहेर बघायला लागला असतास.

तर ज्यांच्यावरून सगळं झालं त्या वेळा. प्रत्येक फाइलीबरोबर कर्नेल तीन वेळा लिहून ठेवतो. ती शेवटची कधी वाचली, तिचा मजकूर कधी बदलला आणि तिच्याविषयीची माहिती कधी बदलली. नवी फाइल जन्मली की तिन्ही वेळा एकच हव्यात. आपली एक टेस्ट हेच तपासायची, आणि ती मधूनच कधीतरी नापास व्हायची. वाचल्याची वेळ एका सेकंदानं मागं पडायची. पुन्हा चालवली की पास. गिरीशसर आपले मॅनेजर. ते म्हणायचे, पुन्हा चालवा. सगळे पुन्हा चालवायचे.

तू एकटा म्हणालास, "सेकंद उगाच नाही सांडत."

आणि तुला सापडलं. नव्या फाइलीची तयारी करणारं एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, होता, तो सुरुवातीलाच तिन्ही वेळा भरून द्यायचा. पण त्याला बोलावणारी जी फंक्शनं होती, साध्या फाइलीचं, फोल्डरचं, शॉर्टकटचं, त्यांपैकी प्रत्येकात कुणीतरी त्यांतल्या दोन वेळा पुन्हा लिहिल्या होत्या. कशाला, तर कुणीतरी आधी तसं केलं होतं म्हणून. पहिल्या आणि दुसऱ्या लिहिण्याच्या मधे घड्याळाचा काटा सरकला की झाला घोटाळा. तू मला बोलावून दाखवलंस. मी म्हटलं, "एवढंच?"

"एवढंच," तू म्हणालास. "बारसं एकदा झालं की पुरे."

तू त्या जास्तीच्या ओळी काढल्यास. टेस्ट दिवसभर फिरत राहिली आणि एकदाही पडली नाही. संध्याकाळी तू सगळ्यांना खाली चुरमुऱ्यांचं गिरमिट खाऊ घातलंस. मिरची भजी चावताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आपल्याबरोबर काम करणारा राजू म्हणाला, "ओळी काढून कुणी एवढा खूश होतो का रे?" काढून खूश होणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. बाकी सगळ्यांना काहीतरी घालायचं असतं, आणि घातल्यावर त्यावर नाव.

दुसऱ्या दिवशी गिरीशसर तुझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ग्राहकाला कोडची साफसफाई दाखवायची होती. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही राहिली की. आणि ही. हीपण तसलीच आहे."

"सर, ती फाइलीची वेळ नाही, फोल्डरची आहे," तू म्हणालास. "नवी फाइल आत आली की फोल्डरचीही वेळ बदलावी लागते. ती दुसरीकडं कुठं लिहिलेली नाही. ही एकच जागा आहे."

"एल्ला ओंद, तगी." सगळं एकच, काढून टाक.

"सर, नको."

तुझा आवाज चढला नव्हता, पण आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला. मग सरांनी वाकून तुझ्या हाताखालून कीबोर्ड ओढला, उभ्या उभ्या त्या ओळी पुसल्या, आणि ते तुझ्याच बदलात घालून पाठवूनही दिलं. "हे एवढं सोपं असतं," म्हणाले. तू हात मांडीवर घेऊन बसलास. माझी खुर्ची तुझ्या शेजारी होती. राजू समोर होता. बाकीचेही होते. यात रहस्य काहीच नाही, अनंत. मला अजूनही त्याचाच राग येतो. अंधारात काही घडलं नव्हतं. भरदिवसा, भरल्या ऑफिसात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं.

पुढच्या दिवशी तू त्यांच्या केबिनमध्ये जाऊन पुन्हा सांगितलंस. "डिलिव्हरी होऊ दे, मग बघू," हे उत्तर घेऊन बाहेर आलास.

मग पाहायला कुणाला वेळ झाला नाही. पेटी एका स्कॅन सेंटरला गेली. पेशंटांचे स्कॅन तिच्यात साठायचे आणि बॅकअपचा प्रोग्राम त्यांची रोज प्रत काढायचा. सगळंच पुन्हा पुन्हा कोण उतरवणार, म्हणून तो प्रोग्राम आधी फोल्डरची वेळ बघायचा. वेळ बदललेली नसली तर आत नवीन काही नाही असं समजून पुढं जायचा. काकू, इथं लक्ष द्या. नवे स्कॅन रोज आत येत होते आणि फोल्डरची वेळ हलत नव्हती. ती हलवणारी ओळ गिरीशसरांनी पुसली होती. बॅकअप रोज इमानदारीनं चालत होता आणि रोज त्या दारावरून पुढं जात होता. काही महिन्यांनी पेटीतली डिस्क गेली. बॅकअप उघडला तर फोल्डर होते, आत जुने स्कॅन होते, नंतरचं काही नव्हतं.

पेशंटांना पुन्हा बोलवावं लागलं. म्हातारी माणसं, गावाहून गाडी करून येणारी. एका बाईंच्या डोक्यातली गाठ वाढली की तेवढीच आहे हे डॉक्टरांना आधीच्या स्कॅनशी ताडून बघायचं होतं. आधीचा स्कॅन उरलाच नव्हता. त्या बाईंचं पुढं काय झालं मला माहीत नाही. तू माहिती काढायला गेला होतास हे मला नंतर कळलं. काय कळलं ते तू सांगितलं नाहीस.

आपल्या कंपनीचे मालक आले. आपल्याला सगळ्यांना लांब टेबलाभोवती बसवलं. गिरीशसर म्हणाले, "अनंतनं वेळा लिहिणाऱ्या ओळी काढल्या होत्या, त्यातच ही गेली." एकाच वाक्यात संपवलं. मी तुझ्याकडं बघितलं. तू टेबलाकडं बघत होतास.

मी म्हटलं, "ती ओळ अनंतनं काढलेली नाही. त्यानं नको म्हणून सांगितलं होतं. आम्ही सगळे तिथं होतो."

मालकांनी एकेकाकडं नजर टाकली. राजू नखं बघत होता. कुणीतरी म्हणालं, नक्की आठवत नाही. गिरीशसर शांतपणे म्हणाले, "बदल कुणाच्या मशीनवरून गेला?" आणि तू, अनंत, तू तोंड उघडून म्हणालास, "माझ्या."

एवढंच बोललास. खरंच बोललास. त्या एका खऱ्या शब्दानं माझी सगळी साक्ष खोटी पाडलीस.

नंतर मालकांनी मला आत बोलावलं. दार लावून म्हणाले, "मला कळतंय, बाई. पण ग्राहकाला एक नाव द्यावं लागतं. गिरीश गेला तर कामच बंद पडेल." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. त्याच आठवड्यात तुला काढलं.

आपलं भांडण उणकल तळ्याच्या बांधावर झालं. तू धारवाडच्या बसमधून मधेच उतरला होतास, मी तुझ्या मागं उतरले.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" तू विचारलंस.

"कुणी सांगायला कशाला हवं? ते खोटं होतं."

"मशीन माझं होतं. कीबोर्ड मी सोडला. लोक पुन्हा स्कॅन करून घ्यायला रांगेत बसलेत, आणि मी म्हणू की बोट माझं नव्हतं?"

"हो, म्हण. नव्हतंच."

"त्यांना काय फरक पडतो बोट कुणाचं त्यानं?"

"मला पडतो. तुझ्या आईला पडेल."

"आईला यात ओढू नको," तू म्हणालास. "जे खरं आहे ते आहे. मी बोललो नाही म्हणून ते बदलणार आहे का?"

"बदलतं, अनंत. कुणी बोललं नाही की बदलतं."

मग आलं तुझं इरली बिडु. बस आली, तू चढलास. ते भांडण आपण पुढं प्रत्येक भेटीत थोडं थोडं पुढं नेलं आणि ते कधी संपलं नाही. आता मी एकटीनं किती नेणार.

मी बेंगळूरला गेले. तू धारवाडला एका कॉलेजात शिकवायला लागलास. सुट्टीत बसून जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही वाचता येणारा कर्नेल वाचायचास. एका रविवारी तुझा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी झालंय. त्यातल्या फायली सांभाळणाऱ्या एका जुन्या भागात तुला तोच प्रकार सापडला होता. नव्या फाइलीला वेळ आधीच दिलेली, आणि खाली पुन्हा दिलेली. तू तेवढ्या ओळी काढून तो बदल, म्हणजे पॅच, पाठवलास आणि तो घेतला गेला. कुठल्याशा देशातल्या, ते काम बघणाऱ्या माणसानं एका शब्दात पोच दिली होती. तो शब्द तू मला दोनदा वाचून दाखवलास. पॅचबरोबरचं तुझं टिपणही वाचलंस. शेवटचं वाक्य असं होतं, की फोल्डरची वेळ लिहिणाऱ्या ओळी मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत, कारण त्या जास्तीच्या नाहीत.

मी विचारलं, "हे गिरीशसरांना पाठवलंस?"

तू मग म्हणालास, "तू अजून तिथंच आहेस, मीनक्का."

होते. आणि तूही होतास, नाही तर ते शेवटचं वाक्य कुणासाठी लिहिलंस? त्या परदेशी माणसाला ते नको होतं. त्याला ते ठाऊकच होतं. जे वाक्य टायरच्या दुकानावरच्या त्या लांब टेबलाशी मालकांसमोर म्हणायचं होतं, ते तू कुठल्या कुठं, अनोळखी माणसांना लिहून पाठवलंस. हे मी फोनवर बोलले नाही. तू इतका आनंदात होतास की माझा धीर झाला नाही. तो आनंद मी बघितला याचं मला बरंही वाटतं. कडू तोंडानं का होईना, हे कबूल करते.

मग ताप आला म्हणून दवाखान्यात गेलास, आणि मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

परवा गिरीशसर बोलून खाली बसले तेव्हा मी उठले. माईक कुणी दिला नाही, तशीच बोलले. म्हटलं, सर, ती चूक अनंतची नव्हती, ती ओळ तुम्ही काढलीत, तो नको म्हणत असताना काढलीत, आणि मी शेजारी बसले होते. गिरीशसरांनी मान खाली घालूनच म्हटलं, "ताई, ही वेळ नव्हे." मग वेळ कोणती होती, हे मी विचारणार होते. तेवढ्यात तुझ्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घाईघाईनं सांगितलं की आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे. सगळे उभे राहिले. राजूही होता, मागच्या रांगेत. माझं बोलणं तुझ्या नावच्या शांततेत बुडवलं, अनंत, आणि त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

काल मी केलगेरीला तुझ्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं आणि पाणी देण्याआधीच विचारलं, "काल तू म्हणालीस ते खरं की माझ्या समाधानासाठी?"

"खरं, काकू. तो तुम्हाला बोलला नाही कधी?"

"नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

काकू चटईवर बसल्या. "आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या सासऱ्यांना परत स्कॅनला जावं लागलं होतं. त्यांनी मला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, तुमच्या मुलानं केलं हे. मग गल्लीत कळलं. शेजारच्या हिरेमठबाईंनी एकदा मुलीच्या लग्नात पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, त्या स्कॅनवाल्याची आई म्हणून. मी घरी येऊन त्याला वाढलं. विचारलं असतं तर त्याला वाटलं असतं, आईलाही संशय आहे. म्हणून नाही विचारलं."

"आणि तुम्हाला संशय होता?"

"होता की," त्या म्हणाल्या. "तो नाही म्हणाला नव्हता ना."

हे तुला कळायला हवं होतं. तुला वाटलं तुझं मौन तुझ्यापुरतं आहे. ते तुझ्या आईनं रोज ताटाशी बसून तुझ्याबरोबर गिळलं, त्यात काय आहे हे न कळता. तुझ्यावर मी या आधी चिडले ती चीड काहीच नव्हती.

मी त्यांना सगळं समजावलं, वर लिहिलंय तसंच. शाळेत आयुष्य गेलेली बाई, अर्धवट कळलेलं सोडणार नव्हत्या. "म्हणजे त्यानं काढलं ते दोनदा केलेलं होतं?"

"हो."

"ते काढून काही बिघडलं?"

"नाही. उलट सुधारलं."

"आणि बिघडलं ते त्यानं काढलेलं नव्हतं."

"नव्हतं."

"मग त्याला का काढलं?"

"तो बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं, काकू."

त्या मग उठल्या, तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला आणि चपला शोधायला लागल्या. मी म्हटलं, कुठं निघालात, सुतकात कुणाच्या घरी जायचं नसतं. "घरात कोण जातंय," त्या म्हणाल्या. "फाटकातून बोलेन."

मी मागोमाग गेले. हिरेमठबाई अंगणात वाळवण काढत होत्या. काकूंनी फाटकाची कडी वाजवली पण फाटक उघडलं नाही. त्या बाहेर उभ्या राहून कानडीत म्हणाल्या, अगदी स्पष्ट, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात, "अदु नम्म अनंत माडिद्दल्ल." ते आमच्या अनंतनं केलेलं नव्हतं.

हिरेमठबाई सूप घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांना काही सुचायच्या आत तुझी आई पुढच्या फाटकाची कडी वाजवत होती.